सातवा महिना सरत आला आणि झोप उडाली आहे

निशिगंधा | १२ मार्च, रात्री २:५१

गॅलरीत उभी राहून लिहिते आहे. एकतिसावा आठवडा, पहिली वेळ. नाशिकला असते. नोकरी एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये, त्यामुळे मार्च महिना कसा असतो ते सांगायला नको.

गेले पंधरा-वीस दिवस संध्याकाळ झाली की रात्रीची धास्ती वाटायला लागते. साडेदहाला आडवी होते. इतकी दमलेली असते की वाटतं, पाठ टेकताच झोप लागेल. कसलं काय! आधी छातीत जळजळ. मग उशा सारख्या करा. मग पाय स्वस्थ पडू देत नाहीत, पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, उठून दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, पडलं की पुन्हा तेच. मग लघवी. मग बाळराजे जागे होतात. बाराच्या पुढे कधीतरी डोळा लागतो तो दीडला उघडतो, आणि साडेचारला दूधवाल्याची गाडी गल्लीत शिरेपर्यंत मी टक्क जागी.

सासूबाई म्हणतात, "अगं, सगळ्यांचं असंच असतं. पुढे रात्री जागायच्याच आहेत, आत्तापासून सवय." ऑफिसात म्हणतात, "आत्ताच झोपून घे, नंतर मिळणार नाही." झोप काय बरणीत घालून ठेवायचं लोणचं आहे?

मागच्या तपासणीला डॉक्टरांना "झोप येत नाही" एवढंच म्हटलं. बाहेर वीस-पंचवीस जणी ताटकळत होत्या. त्या म्हणाल्या, "या दिवसांत होतं असं, थोडं चालत जा." हिमोग्लोबिन ११.२ आहे. बीपी, साखर ठीक.

मन थाऱ्यावर नाही म्हणून होतंय का हे? तुम्ही काय केलंत? झोपेची गोळी शक्यतो नको आहे.

करवीरकर मावशी | १२ मार्च, सकाळी ६:१२

पोरी, आधी ते मोबाईल घेऊन गॅलरीत उभं राहणं बंद कर.

घरात काशाची वाटी आहे का बघ. झोपताना तळपायाला साजूक तूप नाहीतर खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडानं गोल गोल घासायचं. तळवे काळपट होतात, घाबरू नको, धुतले की जातंय. एकेका पायाला दहा मिनिटं. तुला आता वाकता यायचं न्हाई, नवऱ्याला लाव कामाला. आणि कपभर कोमट दुधात जायफळ उगाळून घे. माझ्या दोन्ही सुनांना हेच केलं.

वैदर्भी | १२ मार्च, सकाळी ९:४०

निशिगंधा, माझा नववा महिना नागपूरच्या मे महिन्यात होता, त्यामुळे तुझं दुःख मला कळतं. कूलरसमोर झोपूनही पाठ भिजून जायची आणि झोप काही येऊन नाही राहायची.

मला जळजळीचाच मुख्य त्रास होता. दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, तेही कमी, आणि त्यानंतर अडीच-तीन तास आडवं व्हायचंच नाही. दुसरं, बाबांनी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट सरकवली. नुसत्या उशा रचल्या की मान दुखते आणि पोट दुमडतं, पलंगच तिरका केला की तसं होत नाही. या दिवसांत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, म्हणून आंबट वर येतं असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तर्रीपोहे तेवढे सोडावे लागले. तो त्याग बाळाला मोठेपणी ऐकवणार आहे.

रानवारा | १२ मार्च, दुपारी १:०५

पहिल्या तीन महिन्यांत उलटीसाठी गोळी दिली असेल ना? ती उरली असेल तर रात्री एक घ्या. माझ्या बहिणीला मस्त झोप लागायची. गरोदरपणातच देतात म्हणजे सुरक्षितच असणार. शिवाय मन शांत ठेवा, गर्भसंस्काराचे मंत्र लावा. आईचे विचार बाळापर्यंत पोचतात.

डोंबिवलीकरीण | १२ मार्च, दुपारी ३:३०

रानवारा, मंत्रांनी बरं वाटत असेल तर जरूर लावावेत, पण "आईचे विचार बाळापर्यंत पोचतात" हे रात्री अडीचला आठवलं की उरलीसुरली झोपही जाते. अनुभवाचे बोल आहेत.

मला एका समुपदेशक बाईंनी झोपेची शिस्त शिकवली होती. झोप आली तरच पलंगावर जायचं. वीसेक मिनिटांत लागली नाही असं वाटलं की उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. सकाळी उठायची वेळ ठरलेली, रात्र कशीही गेली तरी. दुपारची डुलकी अर्धा तास, तीनच्या आत. झोपेचे तास मोजूनमापून कमी करण्याचा एक भाग त्यात असतो, तो मात्र पोटुशी असताना स्वतःच्या मनानं करायचा नाही असं बजावलं होतं.

आता गंमत ऐका. आमचं वन रूम किचन. "उठून दुसऱ्या खोलीत जा" म्हणजे कुठे जा? तिथे सासरे झोपलेले. शेवटी ओट्याला टेकून स्टूल ठेवलं आणि झिरोच्या दिव्यात शेंगा सोलत बसायचे. दाण्याचं कूट महिनाभर पुरलं. पण तीन आठवड्यांनी फरक पडला, खरंच.

अवांतर: लोकलनं जाणाऱ्या गर्भारणींनो, दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करायची आपल्याला मुभा आहे. मला हे आठव्या महिन्यात कळलं. तोवर लेडीज डब्यात लोंबकळत होते.

जास्वंद | १२ मार्च, रात्री ९:२०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे एरवी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, पण मूळ पोस्टमधल्या एका ओळीपाशी अडले.

निशिगंधा, जळजळ आणि लघवी यांच्या मधे तू एक वाक्य घाईनं लिहून पुढे गेली आहेस. पोटऱ्यांच्या आत सरपटल्यासारखं होतं, चाललं की बरं, पडलं की परत. हे सकाळी होतं का? बहुधा नसेल. संध्याकाळी टीव्हीसमोर किंवा गाडीत बसल्यावर सुरू होतं का? तसं असेल तर हा मनाचा खेळ वाटत नाही. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला होतो, शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातो. पायात पेटका येतो तो वेगळा. पेटक्यात स्नायू दगडासारखा होतो आणि कळ येते, तेव्हा पायाची बोटं नडगीकडे ओढून धरायची. तुझ्या वर्णनात कळ नाही, अस्वस्थपणा आहे.

याचं एक मोठं कारण म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कमी असणं. हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे म्हणून साठा आहे असं होत नाही. तू अकाउंट्सवाली आहेस, हिमोग्लोबिन म्हणजे गल्ल्यातली रोकड. बँकेत काय आहे ते फेरिटिन सांगतं. ती तपासणी नेहमीच्या यादीत नसते, मागावी लागते. ३० च्या खाली आकडा आला तर खातं रिकामं समजायचं.

आणि लोहाची गोळी कशाबरोबर घेतेस तेही सांग.

रानवारा, रागावू नका, पण उरलेली गोळी तोंडात टाकायची नाही. उलटीच्या त्या गोळीनं गुंगी येते हे बरोबर आहे, पण उलटीच्या आणि सर्दीच्या बऱ्याच औषधांनी पायांची ही वळवळ उलट वाढते. अश्वगंधाही या दिवसांत नको. मावशी, जायफळ शिऱ्यात-श्रीखंडात चिमूटभर असतं तेवढं ठीक, औषध म्हणून उगाळून रोज नको. काशाच्या वाटीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. पाय चोळल्यानं या त्रासात खरोखर आराम पडतो.

मी इथून निदान करत नाहीये. ही पोस्ट तुझ्या डॉक्टरांना दाखव.

निशिगंधा | १२ मार्च, रात्री ११:४८

जास्वंद ताई, सकाळी अजिबात होत नाही!! संध्याकाळी रिक्षात बसले की सुरू. मला वाटायचं दिवसभर खुर्चीत बसून होतंय.

लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते. आणि कॅल्शियमची त्याच वेळी, म्हणजे दोन्ही विसरायला नकोत. मोबाईलला तसा गजरच लावलाय.

जास्वंद | १३ मार्च, सकाळी ७:०२

तो गजरच तुझं लोह खातोय. चहानं लोह शोषलं जात नाही, कॅल्शियमनंही अडतं. लोह आणि या दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. लोहाबरोबर लिंबूपाणी किंवा आवळा चालेल. सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी देतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, १८० दिवस रोज एक. गोळी चांगली आहे, पण चहाच्या कपात बुडवली की अर्धी वाया. माझ्या ओपीडीत रोज दोघी-तिघी अशा निघतात आणि चूक त्यांची नसते, कुणी सांगितलेलंच नसतं.

करवीरकर मावशी | १३ मार्च, सकाळी ७:३०

बरं बाई, जायफळ राहू दे. वाटी पास झाली ना!

लीड्सकर | १३ मार्च, दुपारी २:१५

मीही जागी, २९ वा आठवडा. माझी झोप भीतीनं उडाली आहे. इकडे इंग्लंडमध्ये टॉमीज नावाची संस्था आहे, त्यांची २०१७ पासून कुशीवर झोपण्याची मोहीम चालू आहे. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपू नका, असं मिडवाइफनं सांगितलं. तेव्हापासून रात्री चार वेळा दचकून उठते आणि बघते, मी उताणी तर नाही ना? आई फोनवर म्हणते, डावी कूस, फक्त डावी. डावा खांदा बधिर झाला आहे.

जास्वंद | १३ मार्च, रात्री ८:५०

सल्ला बरोबर आहे, तो पोचवायची पद्धत चुकते. पाठीवर झोपलं की गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, म्हणून कूस. डावी किंवा उजवी, कोणतीही चालेल. महत्त्व झोपी जाताना कसं पडलो याला आहे, कारण रात्रीचा मोठा भाग माणूस त्याच स्थितीत असतो. जाग आल्यावर उताणी दिसलीस तर कूस बदलायची आणि झोपायचं. बस. पहारा देत बसायचं नाही.

वैदर्भी | १३ मार्च, रात्री ९:१५

त्या इंग्रजी यू आकाराच्या उशा बाजारात मिळतात. मी आजीची गोधडी घट्ट गुंडाळून पाठीला लावायची आणि एक उशी गुडघ्यांत. गोधडी घसरत नाही, धुता येते, आणि बाळ झाल्यावर बाळाला.

एक_नवरा | १५ मार्च, रात्री ११:३०

बायको सातव्या महिन्यात आहे म्हणून गुपचूप वाचत होतो. मी काय केलं ते सांगतो. मी घोरतो. म्हणून आठवडाभर हॉलमध्ये झोपलो. तिसऱ्या दिवशी आईनं बाजूला घेऊन विचारलं, "भांडलात का रे?" पाचव्या दिवशी सासूबाईंचा फोन. शेवटी परत खोलीत आलो.

पण परत आल्यावर कळलं की आता तीही घोरते. आधी कधीच नाही. तिला सांगितलं तर हसली. यात काही असतं का?

जास्वंद | १६ मार्च, सकाळी ६:५५

हसण्यावारी नेऊ नका. नाक चोंदून थोडं घोरणं होतं या दिवसांत. पण आधी न घोरणारी बाई रोज जोरात घोरायला लागली तर बीपीवर लक्ष ठेवायला हवं, दोन्हींचा संबंध आढळतो. या आठवड्यात बीपी मोजून घ्या. सोबत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, चेहरा सुजणं, बरगडीखाली दुखणं यातलं काही दिसलं तर आठवडा सोडा, त्याच दिवशी दवाखाना. घोरताना श्वास अडकून दचकते का तेही रात्री ऐका. जागेच आहात तर!

अबोली | १८ मार्च, रात्री १:२०

सगळं वाचलं. माझं यातलं काहीच नाही. पाय ठीक, जळजळ नाही. मला खाज येते. ३४ वा आठवडा. रात्री तळहात आणि तळपाय इतके खाजतात की परवा भांडी घासायच्या काथ्यानं घासले. पुरळ वगैरे काही नाही. पोटाची कातडी ताणली की खाज येते असं सगळे म्हणतात. खोबरेल लावते. झोप कशी लागणार?

जास्वंद | १८ मार्च, सकाळी ५:४०

अबोली, आत्ता पाहिलं. आज सकाळीच डॉक्टरांकडे जा, पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस. पोटावरची खाज वेगळी. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज म्हणजे यकृतातला पित्ताचा प्रवाह मंदावलेला असू शकतो. बाईल अॅसिड (रक्तातलं पित्ताम्ल) आणि यकृताच्या तपासण्या करायला सांग. याला उपचार आहेत, पण बाळावर लक्ष ठेवावं लागतं. बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दाखल व्हायचं.

अबोली | २१ मार्च, दुपारी ४:०५

बाईल अॅसिड वाढलेलं निघालं. फार नाही, पण वाढलेलं. गोळ्या सुरू केल्यात, दर आठवड्याला रक्त तपासायचं आहे आणि ३७ आठवड्यांच्या सुमारास कळा सुरू करण्याचा विचार आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मी तीन आठवडे खोबरेल चोळत बसले होते.

अनामिका | २२ मार्च, रात्री ३:१०

हे कुठे लिहू कळत नव्हतं. मागच्या वेळी सहाव्या महिन्यात बाळ गेलं. आता २७ वा आठवडा आहे. मला झोप येते. मीच झोपत नाही. मागच्या वेळी रात्री झोपले होते आणि सकाळी हालचाल नव्हती. म्हणून हात पोटावर ठेवून मोजत बसते. नवरा म्हणतो विचार करू नकोस.

डोंबिवलीकरीण | २२ मार्च, सकाळी ६:३०

अनामिका, "विचार करू नकोस" हे वाक्य कायद्यानं बंद करायला हवं.

मला पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात गमवावं लागलं होतं, तुझ्याइतकं मोठं नाही. ज्या समुपदेशक बाईंबद्दल वर लिहिलं, त्यांच्याकडे मी झोपेसाठी गेलेच नव्हते. तिथे जाऊन पहिला अर्धा तास नुसती रडले. तुला आत्ता, मध्यरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मी केला आहे फोन. पलीकडच्या मुलीनं घाई केली नाही.

आणि मला निरोप टाक. मीही बहुतेक जागीच असते, आता कार्ट्यामुळे.

जास्वंद | २२ मार्च, सकाळी ७:१०

अनामिका, डॉक्टरांना ही पोस्ट जशीच्या तशी वाचून दाखव. मागचा इतिहास असताना जास्त वेळा तपासणी मागणं हा फाजीलपणा नाही. हालचाल रात्रभर मोजू नकोस. बाळही झोपतं, वीस-चाळीस मिनिटं शांत असतं, आणि तू तेवढ्यात जिवाचं पाणी करतेस. २८ आठवड्यांनंतर दिवसातली एकच वेळ ठरव, जेवणानंतर कुशीवर पडून. दोन तासांत दहा हालचाली झाल्या की त्या दिवसाचं मोजणं संपलं. पण नेहमीपेक्षा कमी वाटलं, तर वेळ कोणतीही असो, थेट दवाखाना. कुणी "उगाच आलात" म्हणणार नाही. म्हटलं तर म्हणू दे.

निशिगंधा | ९ एप्रिल, रात्री १०:०५

बरेच दिवस आले नाही, कारण... झोपत होते.

क्रमानं सांगते. फेरिटिन ११ निघालं. हिमोग्लोबिन ११.२ आणि फेरिटिन ११, हे बघून डॉक्टरच दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिल्या. मी यावेळी आत जाण्याआधी चिठ्ठी लिहून नेली होती, कधी सुरू होतं, कशानं थांबतं, किती वाजता जाग येते, सगळं. "झोप येत नाही" हे शब्द वापरलेच नाहीत. पाच मिनिटांत काम झालं. दिवस कमी उरलेत म्हणून लोह सलाईनमधून दिलं, दोनदा. गोळी आता दुपारी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री. चहा दोनच कप, दुसरा चार वाजता.

लगेच जादू झाली नाही. दहा-बारा दिवस तसेच गेले आणि मी जास्वंद ताईंना मनातून थोडं बोलूनही घेतलं. मग एका रात्री लघवीला उठले आणि लक्षात आलं की साडेतीन वाजलेत, म्हणजे साडेदहापासून मी झोपलेली होते. अजून आठवड्यातून दोन रात्री पाय वळवळतात. तेव्हा वाटी. सासूबाईंनी त्यांच्या रुखवतातली काढून दिली. पहिल्या दिवशी नवऱ्यानं घासली, दुसऱ्या दिवशी त्याच बसल्या. घासता घासता म्हणाल्या, "मलाही असंच व्हायचं गं, दोन्ही वेळेला. पाण्याच्या घागरी घेऊन अंगणात फिरायचे रात्री. कोणाला सांगणार?"

ऑफिसचं मात्र काही जमलं नाही. घरून काम मागितलं, वरिष्ठ म्हणाले मार्च संपू दे. मार्च संपला, आता म्हणतात ऑडिट संपू दे. कायद्यानं २६ आठवडे मिळतात आणि त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या तारखेच्या आधी घेता येतात. पण आधी घेतले तेवढे नंतरचे कमी. आपण सगळ्या दाताखाली धरून ठेवतो ते आठवडे. मी पुढच्या सोमवारपासून घेतेय. पाच आठवडे आधी. आई म्हणाली, फुकट घालवतेस. घालवते.

एक_नवरा | १० एप्रिल, सकाळी ८:२०

अभिनंदन! बायकोचं बीपी किंचित वर निघालं, गोळी नाही, पण दर आठवड्याला मोजायला सांगितलंय. घरी यंत्र आणलं. आता आईसुद्धा रोज स्वतःचं मोजते.

अबोली | ११ एप्रिल, दुपारी १२:४०

मुलगी झाली, परवा. २ किलो ७००. खाज त्याच रात्री कमी व्हायला लागली. झोप अर्थातच नाही.

करवीरकर मावशी | ११ एप्रिल, दुपारी १:००

लक्ष्मी आली! आता डिंकाचे लाडू खा, गरोदरपणी खायचे नसतात ते आता खा.

सोनचाफा | १४ एप्रिल, रात्री २:३३

नमस्कार, नवीन आहे. २६ वा आठवडा, रात्रभर झोप येत नाही. सगळे म्हणतात नॉर्मल आहे. काय करू?

निशिगंधा | १४ एप्रिल, रात्री २:४१

आज मीही जागी, कैरीचं लोणचं नडलंय. सोनचाफा, जाग कशानं येते ते लिही आधी. आणि लोहाची गोळी किती वाजता घेतेस?

सोनचाफा | १४ एप्रिल, रात्री २:४४

सकाळी, चहाबरोबर. का?